मागे राहिलेल्याची उपकारस्तुती

सुशीलाबाई नांदुऱ्याच्या शाळेत आम्हाला मराठी शिकवत आणि रविवारी चर्चच्या मंडळीत बायबल. मी आज जो काही आहे, तो सर्वांत आधी त्यांच्यामुळे. आमच्या घरात दहावीपुढे कोणी गेलं नव्हतं. फौजेत भरती झाल्यावरही त्या पत्रं लिहून मागे लागल्या, म्हणून नोकरीत असतानाच मी बी.ए. झालो. जेवणाआधी देवाचे आभार मानण्याची सवयही त्यांनीच लावली.

पोस्ट उत्तर सीमेवर होती. आम्ही नऊ जण. पहाटे साडेपाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्च्यावर सज्ज, साडेसातला नाश्ता, आठला वॉटर पार्टी. पाणी खालच्या झऱ्यावरून जेरीकॅनमध्ये आणायचं. जायचं दोघांनी, असा नियम. एकाने कॅन भरायचे, दुसऱ्याने कड्यावर नजर ठेवायची. बर्फ वितळू लागलं की तिथून दगड सुटत.

माझा जोडीदार लान्स नायक संतोष वानखडे, जळगाव जामोदचा. माझी प्रार्थना हा त्याचा रोजचा थट्टेचा विषय.

“काऊन बे पादरी, दोन पुऱ्यांसाठी एवढं भाषन? देवाले दुसरे कामं नाहीत का?”

“तुह्या वाट्याचे आभारबी मीच मानून राह्यलो.”

“मंग त्याले लोणच्याचं सांग. लोणचं संपलं.”

त्या दिवशी नाश्त्याला उशीर झाला, आणि आठ वाजले तेव्हा ताटापुढे माझे डोळे मिटलेले होते. बहीण सुखरूप बाळंत झाल्याचं घरून कळलं होतं, त्यामुळे आभार लांबले. संतोषने कॅन उचलले.

“तू पुरं कर. ये मांगून.”

मी मान डोलावली. आठ वाजून सहा मिनिटांनी दगडांचा आवाज आला.

मी पोहोचलो तेव्हा तो झऱ्याकाठी पालथा पडला होता. हेल्मेट फुटलं होतं. नाडी लागली नाही. मी रेडिओ सेट चालू करून अल्फाला, आमच्या कंपनीला, हाक दिली.

“अल्फा, वॉटर पॉइंटवर एक कॅज्युअल्टी. ओव्हर.”

“नाम बताओ. ओव्हर.”

“वानखडे. ओव्हर.”

“कंडिशन? ओव्हर.”

मी सेट बाजूला ठेवला आणि त्याचं हेल्मेट काढलं.

चौकशीत साहेब म्हणाले, “साथ में कौन था?”

“मैं, साहब. पीछे था.”

मागे का, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. रिपोर्टमध्ये फक्त दरडीचा उल्लेख आला.

पेन्शनवर घरी आलो, तेव्हा मंडळीने माझ्यासाठी रविवारी उपकारस्तुतीची, म्हणजे देवाचे आभार मानण्याची, उपासना आणि त्यानंतर जेवण ठरवलं. ‘आमच्या भावाला मृत्यूपासून वाचवल्याबद्दल’, असं चर्चच्या फळ्यावर लिहिलं. दगड जोडीदारावर पडले, माझ्यावर नाही, एवढंच त्यांना ठाऊक होतं. जो तो हात धरून सांगे, देवाने तुला राखलं, मंडळीपुढे उभं राहून साक्ष दे. मला चीड येई. मग संतोषला का नाही राखलं? त्या सकाळपासून मी घासाआधी एकदाही डोळे मिटले नव्हते. हे कोणाला सांगणार?

बाईंनी मला घरी बोलावलं आणि बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाचा सातवा अध्याय उघडला. उपकारस्तुतीच्या अर्पणाचं मांस त्याच दिवशी खायचं, सकाळपर्यंत काही ठेवायचं नाही, असा तिथे नियम आहे.

“का असेल रे?”

“माहीत नाही, बाई.”

“अख्खा बैल एका घराला एका दिवसात संपतो का? माणसं बोलवावीच लागतात. आणि कशाबद्दल बोलावलं, तेही खरं सांगावं लागतं.”

“ज्याले बोलवायचं तो गेला, बाई. तुमचा नियम तुमच्यापाशीच ठेवा.”

त्यांच्याशी मी असा कधी बोललो नव्हतो. उठून निघालो. दुसऱ्या दिवशी सकाळी जळगाव जामोदची बस धरली. परत आल्यावर बाईंना हे पत्र पाठवलं.

“आदरणीय बाईंस सलाम.

संतोषच्या आईकडे जाऊन आलो. त्यांनी ताट वाढलं. मी हात न लावता आधी सांगितलं, की मी प्रार्थनेत होतो म्हणून तो एकटा गेला. त्या म्हणाल्या, ‘माह्या पोराले थांबनं कधी जमलंच नाही. पन तू उठाले पाह्यजे होतं.’ त्यांनी मला माफ केलं असं मी समजत नाही. जेव मात्र म्हणाल्या.

रविवारी मी येईन. फळ्यावरची ओळ पुसून टाका. मी वाचलो याबद्दल मला आभार मानता येत नाहीत, आणि माझ्यासाठी दुसऱ्या कोणीही मानू नयेत. लान्स नायक संतोष वानखडे तीन वर्षं माझ्यासोबत होता, त्याबद्दल मानीन. तो एकटा का गेला, तेही उभं राहून सांगेन. देवावरचा राग गेलेला नाही. तो घेऊनच येतो.

त्याची आई सोबत येणार आहे. पहिलं ताट त्यांना वाढा.

आपला विद्यार्थी,
दानिएल”