गिटारीचं डोकं आणि दोन सूत

ती केस आठवली की आजही माझा हात आधी कपाळाकडे जातो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण घाम फोडला तो एका गिटारीनं. या प्रकरणात चोरापेक्षा जास्त चुका मी केल्या, म्हणून कुणाचंच नाव घेत नाही.

इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. वालचंदनगरला राहणारे एक तात्या फिर्याद द्यायला आले. कारखान्याच्या पॅटर्न शॉपमधून निवृत्त झालेले. लोखंडाचा भाग ओतण्याआधी त्याचा लाकडी नमुना बनवायचा, हे त्यांचं काम. तरुणपणी कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे. तेव्हाची त्यांची काळी, परदेशी बनावटीची गिटार घरातून चोरीला गेली होती.

मी लिहायला घेतलं, "सहा तारांची गिटार..."

"चार," तात्या म्हणाले.

"दोन तुटल्या होत्या का?"

"चारच असत्यात, सायेब. बास गिटार हाय ती."

ही माझी पहिली चूक. मग त्यांनी खिशातून कागद काढला आणि मापं सांगायला सुरुवात केली. अंगाची लांबी, कमरेची रुंदी, डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी साडेतीन इंच. डोकं म्हणजे दांड्याच्या टोकाचा, तारा पिळायच्या खुंट्या बसवलेला भाग. वैतागून मी विचारलं, "तात्या, गिटार गेलीय की शोकेस?"

"सायेब, जुन्या मालाचा नंबर खोडता येतो, रंग बदलता येतो. माप बदलता येत न्हाय."

लिहून घेतलं एकदाचं. त्या फिर्यादीइतकी नेटकी फिर्याद मी आयुष्यात घेतली नसेल, आणि तिचा इतका गाढवपणानं वापरही कुणी केला नसेल.

चार दिवसांनी ठाण्यात फोन आला. "निरवांगीत एक बाई हाय, ऑर्केस्ट्रात वाजवती. तसलीच काळी गिटार हाय तिच्याकडं." फोन करणाऱ्यानं नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. खबर गोड असली की माणूस खबऱ्याचं तोंड बघत नाही.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून महिला शिपाई, हवालदार आणि दोन पंच घेऊन आम्हीच जीपनं निघालो. बाई शेडमध्ये ढोबळी मिरची क्रेटमध्ये भरत होत्या. माहेर बारामतीचं, वडील बँडवाले. लग्नानंतरही सुगीचं काम सांभाळून कार्यक्रम करायच्या. गिटार त्यांनी न लपवता बाहेर आणली.

"कुठून घेतली?"

"पुण्याच्या एका वादकाकडून. त्यानं वाजवणं सोडलं होतं."

"पावती?"

"साहेब, जुन्या वाद्याची पावती कोण देतं? तुम्ही जुनी म्हैस घेतली तर पावती मागता का?"

पंचांपैकी एक हसला. मला ते झोंबलं. मी जप्तीचा हुकूम दिला. तेवढ्यात बाईंची सासू मिरचीचं क्रेट दाणकन खाली ठेवून पुढं आली.

"काय केलंय माझ्या सुनंनं?"

"मावशी, चौकशी आहे फक्त."

"चौकशीला गिटार कशाला न्येता? ती काय बोलणार हाय व्हय?"

आता माझा पराक्रम ऐका. जप्ती पंचनाम्यात वस्तूचं वर्णन लिहायचं होतं. हवालदारानं टेप काढली. ऊन तापलं होतं, मावशीचं तोंड थांबत नव्हतं. मी म्हणालो, "ठेव ती टेप. फिर्यादीतलं वर्णन उतरव, तीच वस्तू आहे." त्यानं उतरवलं. पंचांनी सह्या केल्या. ठाण्यात येऊन मी दोन्ही कागद शेजारी ठेवले, तर मापं तंतोतंत जुळत होती! मी खूश झालो. स्वतःच नक्कल करून स्वतःलाच पूर्ण मार्क देणारा विद्यार्थी मी त्या दिवशी पाहिला.

ओळख पटवायला तात्यांना बोलावलं. डोळ्यांचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, तरी त्यांनी गिटार छातीशी धरली. "हीच," एवढंच म्हणाले आणि पाणी मागितलं. मी गिटारीला लाखेचं सील ठोकून ती मुद्देमालाच्या खोलीत टाकली.

दुसऱ्या दिवशीपर्यंत गावभर झालं. ऑर्केस्ट्राच्या मालकानं बाईंना कळवलं, तूर्त येऊ नका. हे मला कळलं बाईंकडूनच. सासूला बरोबर घेऊन त्या ठाण्यात आल्या, न बोलावता. रडत नव्हत्या. हातात मोबाइल होता.

"साहेब, हे बघा. जुन्या गिटारी बाळगणारी माणसं अशी अंगाची आणि डोक्याची मापं एकमेकांशी ताडून बघतात. एकाच कंपनीच्या, पण वेगळ्या सालच्या. अंग सारखं दिसतं, डोकं वेगळं निघतं. तुम्ही माझी मोजली का?"

"मोजलीय. पंचनाम्यात आहे."

"कधी? मी तिथंच उभी होते."

मी हवालदाराकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता. जणू उत्तर पंख्याला लटकलं होतं.

नवे पंच बोलावले, स्टेशन डायरीत नोंद केली, सील तोडलं. तात्यांनाही बोलावून घेतलं. ते येताना ट्रेसिंग कागदाची गुंडाळी घेऊन आले. गिटारीसाठी लाकडी पेटी बनवताना त्यांनी तिची खऱ्या मापाची आकृती काढून ठेवली होती. त्या आकृतीबद्दल फिर्यादीच्या वेळी ते सांगत होते, तेव्हा मी म्हणालो होतो, "चित्रं नकोत, तात्या."

टेबलावर गिटार आडवी ठेवली. वर कागद पसरला. अंग जवळजवळ जुळलं. तात्यांनी कागद डोक्यापर्यंत नेला आणि त्यांचा हात थांबला. रेघ लाकडाच्या बाहेर पडत होती, दोन्ही बाजूंनी एकेक सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. डोकं साडेतीन नव्हे, सव्वातीन इंच भरलं.

"दोन सूत," तात्या पुटपुटले. "आयुष्यभर एका सुतासाठी दुसऱ्याचं काम परत पाठवलं मी. आन् हितं..." ते बाईंकडे वळले. "पोरी, मला ती हवी होती, म्हणून ती दिसली. माझी चूक हाय."

"तात्या, तुम्ही नुसतं बघितलंत," बाई म्हणाल्या. "न मोजता लिहिलं दुसऱ्यांनी."

मला खुर्ची टोचायला लागली.

आता एकच धागा उरला होता, तो म्हणजे तो फोन. जे पहिल्या दिवशी करायचं ते मी आठव्या दिवशी केलं, नंबर तपासला. बारामतीचा एक साउंड सिस्टिमवाला निघाला, बाईंच्या ऑर्केस्ट्रालाही स्पीकर पुरवणारा. तात्यांच्या घरी स्पीकरची दुरुस्ती करून गेलेला. समोर बसवलं तेव्हा म्हणाला, "सायेब, मी तर तुमाला मदतच केली." 

"कॉलनीतली चोरी बारामतीत बसून तुला कशी कळली?"

"सगळीकडं चर्चा हाय की."

"आणि गिटार काळी आहे हे? ती तर पेटीत बंद असायची."

त्यानं गोदामाची किल्ली टेबलावर ठेवली. त्याच्या गोदामात, स्पीकरच्या खोक्यांमागं, ताज्या लाल रंगात रंगवलेली बास सापडली. नंबर खोडलेला. यावेळी टेप मी स्वतः धरली. डोकं साडेतीन इंच. तात्यांचा कागद वर ठेवला, तर रेघ लाकडावर बसली. चोर तात्यांकडे पाहून म्हणाला, "रंग तरी चांगला दिलाय का न्हाय?"

वरिष्ठांना मी लेखी खुलासा दिला. पंचनाम्यातलं माप न मोजता लिहिलं, हुकूम माझा होता. ठपका बसला, बसायलाच हवा होता. न्यायालयाचा आदेश मिळाल्यावर बाईंची गिटार घेऊन मी निरवांगीला गेलो. लाज वाटत होती, म्हणून गावाबाहेरच्या कॅनॉलच्या रस्त्यानं.

दारात सासू उभी होती. तिनं गिटार हातात घेतली नाही.

"न्यायला आलता तवा गाडी चौकातनं आणली व्हती. आता पाठीमागनं आलाय व्हय?"

"मावशी, गिटार मिळाल्याशी मतलब..."

"आमाला गिटार न्हाय पायजे, सायेब. सुनंचं नाव पायजे. ते चौकात सांडलंय. तितनं उचलून आणा."

सून क्रेट भरत राहिली.

पुस्तकात शिकवतात, संशयिताला निर्दोष ठरवणं न्यायालयाचं काम. खरं असेल. पण चोर ठरवायला न्यायालय लागलं नव्हतं. एक जीप पुरली होती. मोजायला टेप हाताशी असताना मी फक्त माझा अंदाज मोजला, आणि किंमत एका घराला मोजायला लावली. त्यानंतर निवृत्तीपर्यंत एकाही पंचनाम्यातलं माप मी स्वतः पाहिल्याशिवाय सही केली नाही.

त्या दिवशी मात्र मी जीप वळवली. चौकात उतरलो. गिटार खांद्यावर घेतली. पारावरची माणसं उठून उभी राहिली. "ही गिटार त्या बाईंची स्वतःची आहे," मी म्हणालो. "चूक माझी झाली." कोणीतरी मागून ओरडलं, "सायेब, मोठ्यानं, ऐकू यिना!"

मी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. मग शेतातल्या घरापर्यंत चालत गेलो.