बाबांच्या तीन बरगड्या

आमच्या शाळेत प्रथमोपचाराचं प्रशिक्षण झालं होतं. डॉक्टरांनी पुतळ्याच्या छातीवर दाब देऊन दाखवला आणि म्हणाले, "बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबायचं नाही." आम्ही शिक्षिका तेव्हा हसलो होतो.

त्याच हिवाळ्यात बाबा तेल्हाऱ्याहून अमरावतीला माझ्याकडे मोतीबिंदू दाखवायला आले. सकाळी चहाची बशी ओठांशी नेता नेता कोसळले. श्वास नाही, नाडी नाही. मी त्यांना फरशीवर उताणं केलं आणि छाती दाबू लागले. थोड्याच वेळात तळव्याखाली कट् झालं. हात थांबले. लहानपणी बाबा मला बोंद्र्यात, कापसाच्या त्या मोठ्या पोत्यात, उतरवून कापूस तुडवायला लावत. "अंग टाक वं, हलक्या पायानं दबत नाही थो." ते आठवलं आणि मी अंग टाकलं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत टाकत राहिले.

दवाखान्यात हृदय पुन्हा चालू झालं. बाबा शुद्धीवर आले ते तीन मोडक्या बरगड्या घेऊन.

त्या साली गावाकडून येणारी बातमी बहुधा वाईटच असायची, नापिकीची नाहीतर कर्जाची. बाबांच्या खोलीत मात्र हसू होतं. येईल त्याला सांगत, "पोरीनं मले बोंद्र्यावानी तुडवलं, बाप्पा." हसलं की कळ यायची. खोकताना छातीशी धरायला सांगितलेली उशी ते हसतानाच जास्त आवळत. ती आमच्याच शेतातल्या कापसाची, त्यांचे बालमित्र पिंजारी चाचा यांनी भरलेली. चाचा भेटायला आले.

"किती घट्ट भरली बे हे!"

"तुह्या बरगड्याइपेक्षा पक्की हाये."

"हसवू नोको लेका!"

पण दुखतं म्हणून बाबा खोकला दाबू लागले. कफ साठला, न्यूमोनिया झाला. एका दुपारी मी विचारलंच, "बाबा, मी लय जोरात दाबलं का जी?"

"हळू दाबलं असतं तं आता कोणाले इचारलं असतं?" म्हणाले, आणि उशी पुढे केली. "धर घट्ट. खोकतो."

पाच आठवड्यांनी ते गेले. रिवाजाप्रमाणे त्यांचं अंथरूण-पांघरूण देऊन टाकलं. उशी तेवढी राहिली. तेरवीला चाचांनी ती हातात घेतली.

"कापूस गोळा झाला, बेटा. दे, पिंजून आणतो."

मधोमध बाबांच्या हातांचा खळगा होता.

"राहू द्या चाचा," मी म्हटलं.