हाल्वरने निवडलेले शंभर दाणे

हाल्वर ब्रेकेने नाक मुरडलं की त्या गव्हाला देवही हात लावणार नाही, असं आमच्या सॉल्ट क्रीकमध्ये म्हणायचे. रुळांच्या कडेला त्याचं उंच लाकडी कोठार. तिथे गहू न्यायचा. तो मूठभर दाणे तळहातावर घ्यायचा, दोन-चार चावायचा आणि प्रत सांगायचा. मी समोरचा लोहार. नॉर्वेहून या नव्या मुलुखात आम्ही एकाच बोटीने आलो होतो, त्यामुळे त्याला फाडफाड बोलायचा हक्क माझाच.

एका वर्षी ऑगस्टातच हिम पडलं आणि उभा गहू गारठला. पुढच्या वसंतात पेरायला धड बियाणं कुणाकडेच नव्हतं. हाल्वरने कोठारात आलेला तोच गारठलेला गहू तपासायला घेतला. रीत जुनीच होती: शंभर दाणे ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर शेगडीजवळ ठेवायचे. त्र्याण्णव उगवले. झालं, सगळ्यांनी डोळे झाकून तोच गहू नेला.

सिग्रिड न्यूगोरनेही नेला. नवरा जाऊन दोन वर्षं झालेली, एकटी बाई. हे पीक बुडालं तर तिला जमीन सोडावी लागणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

जूनमध्ये शेतं टकली दिसायला लागली. चारांतला एखादाच दाणा उगवला होता. हाल्वर माझ्या भात्याशी येऊन बसला.

"दाणे कुणी मोजले होते?" मी विचारलं.

"मीच."

"काढले कसे? न बघता, की बघून?"

त्याचा चेहरा उतरला. "वीस वर्षं झाली रे. बोटांत खुरटा दाणा आला की आपोआप बाजूला पडतो. तेव्हाही पडले असणार. मला कळलंसुद्धा नाही."

"गाढवा, चांगले तेवढेच निवडून उगवून बघितलेस!"

बोललो आणि लगेच वाईट वाटलं. तो तसाच उठला. मग घरोघर जाऊन त्याने आपली चूक सांगितली. लोकांनी शिव्या दिल्या, एकाने तोंडावर दार आपटलं. सिग्रिडने मात्र कॉफी दिली.

ऑक्टोबरात तिने घोडागाडीत सामान भरलं. हाल्वर टोपी हातात धरून आडवा उभा राहिला.

"सिग्रिड, जाताना मला चार शिव्या तरी देऊन जा."

"मुद्दाम फसवलं असतंस तर दिल्या असत्या, हाल्वर," ती म्हणाली. "जन्मभर दिल्या असत्या. तेवढा तरी आधार झाला असता मला. आता राग तरी कुणावर काढू?"

तिने लगाम झटकला. हाल्वर बाजूला झाला.