पाचवी सवाष्ण

कोलकात्यातल्या दमदमच्या गेस्ट हाउसमधली आमची पहिली सकाळ. काकू बाथरूममध्ये रुमाल धूत होत्या आणि त्यांचा फोन पलंगावर वाजत होता. हात साबणाचे होते म्हणून त्या आतूनच म्हणाल्या, "अगं, घे जरा, स्पीकरवर टाक." मी टाकला. त्यांच्या मुलाचा आवाज आला. "आई, गुरुजी म्हणतात बाबांचं वर्षश्राद्ध तिथीनंच करू. तू आलीस की ठरवू."

आतला नळ बंद झाला. मुलगा दोनदा हॅलो हॅलो म्हणाला आणि रेंज नसेल असं समजून त्यानं फोन ठेवला.

आदल्या दिवशी पुण्याच्या विमानतळावर आम्ही तिघी पहिल्यांदा भेटलो होतो. ही सहल ताईंनी जमवलेली. ताई म्हणजे पुण्यातल्या निवृत्त शिक्षिका. बायकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यांनी विचारलं होतं, चार दिवस कोलकाता, कोण येतं? मी सांगलीहून हो म्हटलं, काकूंनी कराडहून. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. आईनं बाजारात भाजी विकून मला बी.कॉम. केलं, पुढे परीक्षा देऊन मी सरकारी नोकरीत लागले. या सहलीचं विमानाचं तिकीट मी माझ्या पगारातून काढलं होतं आणि ते मी ऑफिसात चार जणांना सांगितलंही होतं. का सांगू नये?

काकू साठीच्या आसपासच्या. कपाळावर ठसठशीत टिकली, गळ्यात मंगळसूत्र आणि तोंडात सारखं 'आमचे हे'. आमच्या ह्यांना चहात आलं चालत नाही. आमच्या ह्यांचे गुडघे दुखतात, नाहीतर आलेच असते. विमानातून उतरून आम्ही गरियाहाटच्या बाजारात गेलो, तर तिथेही काकूंनी ह्यांच्यासाठी लोकरीची माकडटोपी घेतली. ताईंना हसू आवरेना. कराडात माकडटोपी घालून फिरणार का काका, असं त्यांनी विचारलं. काकू म्हणाल्या, ह्यांचे कान फार नाजूक आहेत.

आता त्या बाथरूमच्या दारात उभ्या होत्या. टिकली आंघोळीत निघालेली. ओल्या हातांनी त्यांनी पर्स उघडली, पुडीतली एक टिकली काढली, पण लावली नाही. पलंगावर बसल्या.

मला आडपडद्यानं बोलता येत नाही. मी सरळ विचारलं, "काका कधी गेले?"

"फाल्गुनात," त्या म्हणाल्या. "ताईंना सांगू नकोस."

मग त्यांनी सांगितलं. घरात कोणी जाच करत नाही. मुलगा चांगला, त्यानंच हवापालट म्हणून पैसे भरले. सून तर म्हणाली होती, आई, टिकली लावा, आता सगळ्या लावतात. त्यांनी एकदा लावलीही होती. धाकट्या जावेनं नुसतं पाहिलं, बोलली काही नाही, पण त्यानंतर लावावीशी वाटली नाही. गल्लीतल्या हळदीकुंकवाला आता त्यांना बोलावतात, पण चहाला. कुंकवाचं ताट फिरायला लागलं की बायका त्यांच्याकडे न बघण्याची खटपट करतात, आणि ती खटपट त्यांना दिसते. ओळखीच्या माणसांत सगळ्यांना ठाऊक, म्हणून अनोळखी माणसांबरोबर यायचं ठरवलं. गळ्यातलं एक ग्रॅमवालं मंगळसूत्र त्यांनी या सहलीसाठी मुद्दाम आणलं होतं. खरं सोन्याचं कपाटात कुलपात होतं.

"चार दिवस होते तशी राहीन म्हटलं," त्या म्हणाल्या. "कोणाचं काय जातंय?"

मला त्यांचा राग आला, आणि राग आला याचं वाईटही वाटलं. माझे वडील गेले तेव्हा मी सातवीत होते. आईच्या बांगड्या गल्लीतल्या बायकांनी दगडानं फोडल्या, मी उंबऱ्यात उभी राहून पाहिलं. पुढे मी शिकले, कमवायला लागले, स्वतःचं लग्न ठरवलं. हळदीच्या दिवशी आईला म्हणाले, पहिली हळद तू लाव. आई आली नाही. दाराच्या फटीतून बघत राहिली. मी हळद लावून घेणार नाही म्हणून अडून बसले, तर ती म्हणाली, "तुझ्या सुखाला माझी दृष्ट नको गं." पदवी घेऊनही मला तिला त्या दारातून बाहेर काढता आलं नव्हतं. त्यामुळे काकूंनी खोटं मंगळसूत्र घालून हिंडावं हे मला पटेना. घालायचं तर खरं घाला, सगळ्यांसमोर घाला, असं माझं म्हणणं. पण ते मी बोलले नाही. ताईंना सांगणार नाही, एवढं कबूल केलं.

तो दिवस बरा गेला. मेट्रोनं कालीघाटला गेलो, गर्दीत तिघींनी एकमेकींचे पदर धरले. संध्याकाळी घाटावर बसून मातीच्या कपातला चहा प्यायलो. ताईंनी उखाण्यांचा खेळ काढला. काकू आढेवेढे घेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी समोर नदीवरच्या पुलाकडे पाहिलं आणि तिथल्या तिथे जुळवलं.

"हावड्याच्या पुलाला मधे नाही खांब, अमुकरावांनी दिली साथ, वाट होती लांब."

अमुकराव मी इथे घातलंय, काकूंनी नाव घेतलं होतं. स्वच्छ, मोठ्यानं. शेजारची बंगाली पोरं वळून बघायला लागली. ताईंनी टाळ्या वाजवल्या. काकूंचा चेहरा असा उजळला होता की माझा सकाळचा राग त्या नदीत गेला. म्हटलं, राहू देत चार दिवस.

तिसऱ्या दिवशी सॉल्ट लेकला जेवायला जायचं होतं. ताईंची शाळेतली मैत्रीण तिथे राहते. तिचे यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत, बदली होत होत इथे आलेले आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलेले. मुलगा सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपनीत कामाला, सून नाशिककडची. दारातच आमटीचा वास आला आणि दोन दिवस भात-माशांच्या वासात फिरलेल्या ताईंचे डोळे भरून यायचे बाकी राहिले.

जेवणाच्या आधीच यजमानीणबाईंनी आम्हाला आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. सुनेला तिसरा महिना लागला होता. चोरओटी भरायची होती, तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता भरतात ती. पाटाभोवती रांगोळी, सुपात तांदूळ, नारळ, हिरवा खण. सून लाजत उभी होती, नाजूक, डोळ्यांखाली थोडी काळी.

"इथे पाच सवाष्णी जमवायच्या म्हणजे विमानानं मागवाव्या लागतात," यजमानीणबाई ताईंना म्हणाल्या, "आणि बघ, आल्याच की नाही."

त्यांनी बोटांवर मोजलं. त्या स्वतः एक. शेजारच्या फ्लॅटमधल्या बंगाली बाई दोन, त्या हातात तिकडच्या सवाष्णींच्या पांढऱ्या शंखाच्या आणि लाल बांगड्या घालून, संदेश मिठाईचा डबा घेऊन आल्याच होत्या. ताई तीन, मी चार. "आणि तुम्ही काकू पाच. तुम्ही वयानं मोठ्या, पहिली ओटी तुम्हीच भरायची."

काकू म्हणाल्या, पोटात कसंतरी होतंय, जरा वाऱ्याला उभी राहते. त्या गॅलरीत गेल्या. मी मागोमाग गेले.

गॅलरीतून समोरची सारखी सारखी घरं दिसत होती. काकूंनी कठडा धरला होता.

"मी नाही भरणार," त्या म्हणाल्या. "त्यांना सांग, मला उलटी होतीय."

"मी खोटं सांगणार नाही."

"त्या पोरीच्या पोटात जीव आहे गं. माझं सोंग माझ्यापुरतं ठीक होतं."

"काकू, तांदूळ आहेत आणि नारळ आहे. कालच्यापेक्षा आज तुमच्या हाताला काय वेगळं झालंय?"

"तू शिकलेली आहेस, तुला भीती वाटत नाही. मला वाटते."

त्यांचं बोलणं ऐकताना मला दाराच्या फटीतली आई दिसत होती, आणि मी कठोर झाले. म्हणाले, "मग आत जाऊन खरं सांगा. ते नको असेल तर भरा. मधलं काही माझ्याच्यानं सांगवणार नाही."

खरं सांगितलं तर काय होईल ते मलाही कळत होतं. यजमानीणबाई भल्या होत्या, त्यांनी एक शब्द वावगा काढला नसता. त्यांनी नुसतं सूप उचलून ताईंच्या हातात दिलं असतं, आणि सगळ्या जणी काकूंकडे न बघण्याची खटपट करायला लागल्या असत्या. पाचवी कुठून आणायची, हा प्रश्न कोणी मोठ्यानं विचारलाही नसता. त्यासाठीच तर काकू एवढ्या लांब आल्या होत्या.

दार उघडलं. यजमानीणबाई आल्या आणि काकूंचा हात धरून म्हणाल्या, "बरं वाटतंय का? चला, पोरगी पाटावर बसलीय."

काकूंनी ओटी भरली. ओंजळीतले थोडे तांदूळ पाटावर सांडले. यजमानीणबाई हसून म्हणाल्या, सांडू देत, भरपूर होतील. बंगाली बाईंनी जीभ हलवून लांब उलू केला, त्यांच्याकडे मंगल प्रसंगी करतात तसा. सून वाकून पाया पडली. काकूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला आणि वरच धरला, टेकवला नाही. हे फक्त मी पाहिलं.

परतीच्या टॅक्सीत ताई झोपल्या. काकू खिडकीबाहेर बघत होत्या. शेवटच्या दिवशी त्या खोलीतून बाहेर पडल्या नाहीत. आम्ही दोघीच हिंडून आलो. विमानतळावर निघताना त्यांनी माझा नंबर नीट लिहून घेतला आणि एवढंच म्हणाल्या, "तिचं काही कळलं तर मला सांगशील ना? ताईंना मी कशी विचारू?"

त्यानंतर त्यांचे फोन येत राहिले. आधी हवापाणी, माझी पोरं, ऑफिस, माझी आई; तिच्या त्या दाराच्या फटीचंही मी त्यांना एकदा सांगितलं होतं. मग आवाज उतरवून, "तिकडे कशी आहे पोरगी?" मी ताईंना विचारून सांगायची. चौथा लागला. पाचवा लागला. बरी आहे.

मी हे सगळं आईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल बरं केलंस. आईनं भाजीची जुडी निवडता निवडता विचारलं, "त्या बाईला नको होतं, तरी तू भरायला लावलीस?" मी म्हणाले, नको नव्हतं, भीती होती. आई म्हणाली, "तुला काय माहीत, त्यात फरक असतो म्हणून." पुढच्या आठवड्यापासून तीही विचारायला लागली, ती कोलकात्याची बरी आहे ना?

सहाव्यात ताईंनी कळवलं की सुनेला त्रास होतोय, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. त्या रविवारी काकूंचा फोन आला. मी, जिला मधलं काही सांगता येत नाही, ती म्हणाले, "छान आहे काकू. सगळं छान आहे." आईलाही तेच सांगितलं. मी नवस बोलत नाही, उपास करत नाही. ओटीनं काही होत नाही हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे. पण ते तीन महिने ताईंचं नाव फोनवर दिसलं की मी टेबलावरून उठून जिन्यात जायची, मगच उचलायची. काही वाईट झालं असतं तर ते डॉक्टरांच्या भाषेत काहीतरी असतं, त्याला नाव असतं. काकूंना मात्र मी ते कुठल्या भाषेत सांगणार होते?

आषाढात ताईंचा मेसेज आला. मुलगी झाली. थोडी आधी आली, पण दोघी ठणठणीत. सोबत फोटो, दुपट्यातलं लालबुंद तोंड.

मी ऑफिसच्या जिन्यात जाऊन काकूंना फोन लावला. सांगितलं. मग त्यांनी विचारलं, दूध पिते का नीट, रडली का लगेच. मी म्हणाले, सगळं झालं, काकू, सगळं नीट झालं. त्या त्रासाचंही मग सांगून टाकलं.

"मला वाटलंच होतं," त्या म्हणाल्या. "तुझा आवाज सांगत होता. तुला खोटं जमत नाही."

मग थांबून म्हणाल्या, "चला. आता काढते."

"काय काढता?"

"ते एक ग्रॅमचं. ब्लाउजच्या आत होतं इतके दिवस. सवाष्णीनं ओटी भरली म्हणून तिकडे सगळे निर्धास्त होते ना, मग तिचं होईपर्यंत सवाष्ण राहायला नको? वर्षश्राद्धालासुद्धा आत होतं. भटजींसमोर बसले, नमस्कार केला, पदर घट्ट धरून."

मी म्हणाले, "काकू, काढू नका."

"आता कशाला ठेवू?"

जिन्यावरून माणसं वरखाली जात होती. मी म्हणाले, आवडतं म्हणून ठेवा. त्या हसल्या, हसणं छोटं होतं. म्हणाल्या, "तुझ्या आईला विचार." मग म्हणाल्या, "ठेव आता फोन. मला जरा आरशापाशी जायचंय."

मी ठेवला नाही. त्यांनीच ठेवला.