लाल टिंबाचा रकाना

सोमवार, सकाळी अकरा. हजर: मी, हे आणि सॉफ्टवेअरवाली मीनल. विषय: चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकांची जुनी कार्डं संगणकात नेणं.

नाव, पत्ता, नंबर यांचे रकाने ठरले. मग मीनलने विचारलं, "काका, काही कार्डांवर हे लाल टिंब कसलं?"

टिंबं यांनीच दिलेली. यांनी अंगठ्याने एक घासून पाहिलं आणि हसले. "काकूला विचार. खुणा माझ्या, डोकं तिचं!"

मला काय माहीत? परवा यांना लेकीचं नाव आठवेना, तेव्हाही असेच हसले होते. निम्मा संसार आपण एका माणसाच्या डोक्यात ठेवतो, आणि त्याची नक्कल काढायची राहून जाते.

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ अजून घेतलेली नाही.