दोन हद्दींमधली क्रेन

कोगनोळीच्या नाक्याजवळ गॅरेज टाकलं की गाड्यांपेक्षा किस्सेच जास्त जमा होतात. अलीकडे कर्नाटक, पलीकडे महाराष्ट्र, मधे आम्ही! आमची क्रेन आप्पा चालवतात. त्यांची एकुलती लेक पलीकडे कागलला दिलेली, त्यामुळं सीमेचं नाव काढलं की त्यांचं तोंड कडू होतं.

*

एकदा उसाचा ट्रॅक्टर नेमका हद्दीवर उलटला. इंजिन तिकडं, ट्रॉली इकडं. दोन्हीकडचे पोलीस आले आणि दोघंही म्हणाले, "हे त्यांचं." पंचनामा कुणी करायचा ते ठरेपर्यंत गावच्या म्हशींनी निम्मी ट्रॉली संपवली. म्हशींना दोन्ही हद्दी चालतात.

*

दोन्हीकडच्या निवडणुका वेगळ्या, म्हणून ड्राय डेही वेगळे. आपल्याकडं ड्राय डे असला की आमचा मेकॅनिक बाळू न सांगता पलीकडं टेस्ट ड्राइव्हला निघतो. एकदा मी म्हटलं, "अरे, गाडी कालच गिऱ्हाईक घेऊन गेलं की."

"मग चालत टेस्ट घेतो," म्हणाला.

*

भाषेवरून वातावरण तापलं होतं तेव्हाची गोष्ट. कोल्हापूरच्या एका पाहुण्यानं घाबरून नंबरप्लेटला चिखल फासून घेतला. नंबर दिसत नाही म्हणून येताना तिकडं दंड झाला, जाताना इकडं. दोन्ही राज्यांचं एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलंय.

*

एका साहेबांनी आप्पांना विचारलं, "बॉर्डर नेमकी कुठं आहे?"

"क्रेनमधी बसा, डोळं झाका. टायरचा आवाज बदलला की राज्य बदललं."

*

लॉकडाऊनमध्ये नाका बंद झाला. आप्पांच्या लेकीला, सुनंदाला, तेव्हा नववा लागलेला. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, आणि पास काही मिळेना. आई इकडं रडतेय, लेक तिकडं. आप्पांचं जेवणावरचं मन उडालं. आम्हालाही बघवत नव्हतं.

माणसांना बंदी होती, पण बंद पडलेली गाडी ओढून आणायची क्रेनला परवानगी होती. मग काय, जावयांची धडधाकट कार नाक्यापलीकडं बंद पडली! मागच्या सीटवर सुनंदा, पुढं जावई. आप्पांनी हुक अडकवला आणि निघाले.

नाक्यावर हवालदारानं हात केला. "आप्पा, काय झालंय गाडीला?"

खोटं बोलायचं घोकून गेलेले आप्पा आयत्या वेळी गडबडले. "गाडीला काय बी झालं न्हाय, साहेब. लेकीला नववा लागलाय."

हवालदारानं काचेतून आत पाहिलं. मग स्वतःच बॅरिकेड बाजूला सारलं.

"लई हळू ओढा. पुढं स्पीडब्रेकर हायत."