वरून पाणी पिणारे साडभाऊ

उमरखेड तालुक्यात माझ्या थोरल्या साडभाऊंइतकं पाणी आजवर कोणी प्यायलेलं नाही, आणि तेवढ्या उंचीवरून तर कोणीच नाही. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. भांड्याला ओठ लावणं या माणसाला जन्मात मंजूर नव्हतं. आमच्याकडे वरून पिणारे पुष्कळ आहेत, पण ते वीतभर उंचीवरून. साडभाऊ हात पूर्ण लांब करत, मान मागे टाकत आणि तांब्याची धार थेट घशात सोडत. शर्टावर थेंब पडत नसे. माझ्या लग्नात भर पंगतीत त्यांनी स्टीलचा अख्खा जग असा रिकामा केला आणि वाढपी बुंदीची परात हातात धरून नुसता बघत राहिला. मला नवरदेवाला त्यांनी पहिला उपदेश केला तोही याच विषयावर. "भाऊ, तोंड लावून पेते तो पाणी चाखते. पाणी काही चाखाची वस्तू नाई. आत पडल्याचा आवाज आला पाहिजे." त्यांचा आवाज यायचा, आणि शेजारच्या खोलीतही यायचा.

नोकरी बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाची, म्हणजे खिडकीत बसून कोणती गाडी कुठे लागली ते माईकवर सांगायची. निवृत्त झाले तरी घर स्थानकाच्या मागेच, त्यामुळे भोंग्यावरची प्रत्येक घोषणा स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई आणि साडभाऊ जेवता जेवता तिच्यातल्या चुका काढत. "पुसद म्हणताना घाई करून राह्यला पहा. एखादी म्हातारी असन त्या गाडीनं जाणारी, तिले समजलं पाहिजे." हे बोलताना चौथी भाकरी संपलेली असे. वजन एकशे बेचाळीस किलोंवर गेलं, गुडघे कुरकुरू लागले, साखर वाढली, झोपेत श्वास अडकू लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी जठर लहान करायची शस्त्रक्रिया सुचवली आणि ताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, वर्षभर पिच्छा पुरवून ती करवून घेतली. ती उत्तम झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट तीन-तीनदा बजावली. सध्या फक्त पातळ पदार्थ, दिवसाला दीड लिटर, पण तीस मिलीच्या मापाच्या पेल्यातून, ओठ लावून, घोट घोट, दर पाव तासाने. साडभाऊंनी मान डोलावली. ती डोलावण्याची तऱ्हा बघून मला जरा धास्तीच वाटली, म्हणून मी घाटंजीला परत न जाता चार दिवस त्यांच्याकडेच मुक्काम ठोकला.

धास्ती खरी ठरायला एक संध्याकाळ पुरली. ताई देवापाशी दिवा लावत होत्या तेवढ्यात साडभाऊंनी तांब्या उचलला, हात वर गेला आणि धार सुटली. पन्नास वर्षांची सवय ती, तिला कोणी ऑपरेशन झाल्याचं सांगितलं नव्हतं. पाण्याबरोबर हवाही गेली, आत जागा नाही, छातीत अशी कळ आली की एवढा मोठा माणूस भिंत धरून खाली बसला. प्यायलेलं सगळं बाहेर आलं. त्यानंतर त्यांनी पाण्याचा धसकाच घेतला. दुसऱ्या दिवशी जेमतेम चार पेले पोटात गेले. ओठ सुकले, उठलं की भोवळ येई, लघवीचा रंग गडद झाला. ताईंनी चमचा पुढे केला की म्हणत, "मले कायले तान्ह्या पोरावानी पाजून राह्यली?" डॉक्टरांनी फोनवर स्पष्ट सांगितलं, उद्या संध्याकाळपर्यंत लिटरच्या वर पाणी गेलं पाहिजे, नाहीतर परत भरती करून सलाईन लावावं लागेल, आणि त्याआधी त्रास वाढला तर थांबू नका, लगेच आणा. ताई आत गेल्या, त्यांनी नळ मोठा सोडला आणि त्या आवाजाआड रडून घेतलं. मला ते कळत होतं.

सकाळी सहालाच ताई मापाचा पेला घेऊन समोर बसल्या, साडभाऊ भिंतीकडे तोंड करून. एवढ्यात भोंग्यावर पुसदची गाडी दोन नंबरच्या फलाटावर लागल्याची घोषणा झाली. ताईंनी पेला सरळ त्यांच्या ओठांना टेकवला. "पुसद लागली. घ्या, सोडा तिले." त्या आवाजाला हा माणूस आयुष्यात कधी नाही म्हणाला नव्हता. एक घोट गेला. थोड्या वेळाने दुसरा, मग तिसरा. छातीत कळ आली नाही. साडभाऊंनी स्वतःहून पेला पुढे केला, तर ताईंनी तो काढून घेतला. "आता दुसरी लागेपर्यंत थांबाचं. एका फलाटावर एकच गाडी, तुमीच सांगत होते न?"

झालं, साहेब कामावर रुजू झाले. भोंगा गप्प असला तर साडभाऊ घड्याळ बघून स्वतःच पुकारा करू लागले. यवतमाळ, नारळपाणी. हदगाव, ताकाची निवळ. पांढरकवडा, डाळीचं वरचं पाणी. ताईंना दोन मिनिटं उशीर झाला तर कारण विचारू लागले. दोन पेले एकदम घेऊन बघा, असं मी गमतीने म्हटलं तर चक्क रागावले. "दोन गाड्यांचे पॅसिंजर एका गाडीत कोंबाचे नसते, भाऊ. त्यातून हे आता मिनीबस हाय." दुपारपर्यंत ओठ ओले झाले, चार वाजता भोवळ थांबली, आणि साडेसहाला पन्नासावा पेला संपला. डॉक्टरांचा फोन साडभाऊंनीच घेतला आणि खिडकीतल्या जुन्या आवाजात सांगितलं, "पन्नास सुटल्या साहेब. एक रद्द नाई." डॉक्टरांनी लघवीचा रंग विचारला, तर तोही त्यांनी त्याच आवाजात जाहीर केला. सगळ्या आळीला आनंदाची बातमी समजली. परत यायची गरज नाही, असं डॉक्टर म्हणाले. मी तर टाळ्याच वाजवल्या.

दोन महिन्यांनी तपासणीसाठी दोघं नागपूरला निघाली तेव्हा मी स्थानकावर सोडायला गेलो होतो. वजन पंचवीस किलोंनी उतरलं होतं. साडभाऊ गाडीत चढून खिडकीशी सरकले. ताई नेहमीप्रमाणे त्यांच्या मागच्या सीटवर जाऊन बसल्या. दोघांची सीट साडभाऊ एकटेच भरत, त्यामुळे वीस वर्षं प्रत्येक प्रवास ताईंनी नवऱ्याच्या मानेकडे बघत केला होता. आम्ही सगळे त्यांच्या लठ्ठपणावर पोट धरून हसलो, पण हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, आणि त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. साडभाऊंनी वळून पाहिलं, मग शेजारच्या रिकाम्या जागेवर हात ठेवला. "तिथं काहून बसली? इकडं ये न." ताई उठल्या, पदर सावरून त्यांच्या शेजारी बसल्या, आणि नवीन नवरीसारख्या समोर बघत राहिल्या. गाडी फाटकातून वळली तेव्हा दोघं एकाच खिडकीत दिसत होती.